पिवळ्या धातूची अंगठी

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागताना विषयही हातात ठेवला होता, ‘अमेरिकेतली माझी सुवर्ण वाटचाल’. मी त्यांना सांगितलं, बाई, वाटचाल कसली, मी जन्मभर एका स्टुलावर बसून होतो. आधी जळगावात वडिलांच्या शेजारी, नंतर इथे शुगर लँडला एकटा. निवृत्त झालो तेव्हा स्टूल तेवढं घरी आणलं, त्यावर आता नंदा तुळशीची कुंडी ठेवते. तेव्हा वाटचाल सोडून देऊ. स्टुलावर बसून पाहिलेली माणसं सांगतो, आणि त्यातही एक अंगठी जरा सावकाश सांगतो. तिच्यापायी माझं नाव बदनाम व्हायची वेळ आली होती, आणि तिच्यापायीच मला इटलीच्या हुकूमशाहीचा इतिहास वाचावा लागला. शाळेत इतिहासात काठावर पास झालेल्या माणसाला ही शिक्षा थोडी नव्हती.

दुकान आमचं छोटं. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणारे, समोर न संपणारं पार्किंग आणि त्यावर टेक्सासचं ऊन. आम्ही दागिने विकत नव्हतो, फक्त दुरुस्त करायचो. तुटलेली साखळी जोडणं, सैल झालेला खडा बसवणं, अंगठी लहानमोठी करणं. काउंटरवर नंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आणि काचेमागे मी. नंदाला बघून लोक आत यायचे, आणि मी मान वर केली की बोलायचे थांबायचे, म्हणून मला मान खाली घालून काम करायची सक्त ताकीद होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नागपूरची एक नवी नवरी ऐन गणपतीच्या सकाळी धापा टाकत आली. तिचं मंगळसूत्र किचनच्या सिंकमधल्या खरकटं दळणाऱ्या डिस्पोझलमध्ये गेलं होतं. वाट्या चपट्या, निम्म्या मण्यांचं पीठ. आरतीच्या आत पाहिजे म्हणाली, आणि सासूबाईंना कळता कामा नये म्हणाली. सासूबाई बाहेर गाडीत बसल्या होत्या. मी वाट्या ठोकून पुन्हा गोल केल्या आणि नंदाने स्वतःच्या जुन्या पोतीतले मणी ओवून दिले. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला बायकोच्या बोटाचा घेर सकाळ-संध्याकाळ मोजून त्याचं एक्सेल घेऊन आला होता. मी हसलो, पण त्याचं बरोबर होतं. इथल्या दमट उन्हाळ्यात बोटं सुजतात, आणि मार्चमध्ये नीट बसलेली अंगठी जुलैत कापून काढावी लागते. तेव्हापासून मी माप घेताना थोडी ढील सोडायला लागलो, श्रेय मात्र त्याला कधी दिलं नाही.

अंगठी मोठी करायची म्हणजे काय करायचं, हे आधी सांगतो. ती खालच्या बाजूने करवतीने कापायची, तोंड फाकवायचं, मधे त्याच जातीचा तुकडा बसवायचा, डाख देऊन जोडायचं, कानशीने सारखं करायचं आणि चमक द्यायची. त्यातलं ‘त्याच जातीचा’ हे महत्त्वाचं, म्हणून धातू कुठला ते कापायच्या आधी कळायला हवं. त्यासाठी कस लावतात. दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासायचा, पिवळी रेघ उमटते, तिच्यावर ॲसिडचा थेंब सोडायचा. सोनं असेल तर रेघ जागची हलत नाही. पितळ असेल तर हिरवट फेस येतो आणि रेघ बघता बघता नाहीशी होते. इथल्या धंद्याचा नियम असा, की हे गिऱ्हाइकासमोर करायचं, आणि केलं नसेल तर पावतीवर ‘सोन्याची अंगठी’ लिहायचं नाही, ‘पिवळ्या धातूची अंगठी’ लिहायचं. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्याने दोघंही सुरक्षित राहतात. सोनाराला चोराची फारशी भीती नसते. गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं की मी सोनं दिलं होतं, तुम्ही पितळ दिलंत, तर त्याला उत्तर नसतं.

जळगावात सगळं उलटं. पांढऱ्या केसांची बाई पदराची गाठ सोडून दागिना पुढे करते, तेव्हा तिच्यादेखत कस लावणं म्हणजे तिला तोंडावर खोटं ठरवणं. वडील दागिना दोन्ही हातांनी घ्यायचे, पाणी विचारायचे, आणि ती गल्लीच्या टोकाला वळली की मग दगड काढायचे. नंदा त्याच घरात सून म्हणून आलेली. इथे तिने वर्षानुवर्षं ‘पिवळा धातू’ न चुकता लिहिलं. पण लूचियाआजी आल्या आणि तिच्यातली जळगावची सून जागी झाली.

लूचियाआजी हे नाव नंदानेच ठेवलेलं. नव्वदीच्या, ठेंगण्या, नीट लिपस्टिक लावलेल्या. युद्ध संपल्यावर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या इटलीतून टेक्सासला आल्या होत्या. कोविडच्या आदल्या वर्षी त्या आपल्या नातीला, जीनाला, घेऊन दुकानात आल्या. जीना वकील. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला पणजीची, म्हणजे आजींच्या आईची, अंगठी घालायची होती. ती फक्त मोठी करून हवी होती. मी आत एका साखळीत गुंतलो होतो. काचेतून बघतो तो आजींनी नंदाचे दोन्ही हात हातात घेतलेले, आणि त्या तिला अंगठीची गोष्ट सांगताहेत.

गोष्ट अशी. आजी सहा वर्षांच्या असताना इटलीच्या हुकूमशहाने आफ्रिकेत इथिओपियावर स्वारी केली. बऱ्याच देशांनी इटलीशी व्यापार आखडता घेतला, तिजोरीला सोनं हवं झालं. तेव्हा सरकारने देशभरच्या बायकांना फर्मावलं, लग्नाच्या अंगठ्या देशाला द्या. गावोगाव चौकात सोहळे झाले. बँड, झेंडे, आशीर्वाद द्यायला पाद्री. बायका रांगेने येऊन सोन्याची अंगठी द्यायच्या आणि तिच्या बदल्यात लोखंडाची घेऊन जायच्या. आजींच्या आईने म्हणे बाजारातून पितळेची अंगठी आणून ती सरकारला दिली आणि खरी पिठाच्या डब्यात लपवली. हुकूमशहाला फसवणारी पणजी! जीनाच्या घरी ही गोष्ट दर ख्रिसमसला निघायची, आणि आता ती लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगायची ठरली होती. नंदा डोळे पुसत आत आली आणि माझ्यासमोर पाकीट ठेवलं. पाकिटावर आणि पावतीवर तिच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, सोन्याची अंगठी, एक.

चिमट्याने उचलली तेव्हाच ती मला हलकी वाटली. आतल्या बाजूने कानशीचा एक बारीक घास घेतला, ॲसिडचा थेंब सोडला, आणि हिरवा फेस वर आला. मुलामा चांगला होता, आत शुद्ध पितळ. मी नंदाला हाक मारली. तिने थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसली. गिऱ्हाईक पितळ देऊन गेलं होतं आणि आमच्या सहीची पावती सोनं म्हणत होती.

शेजारच्या दवाखान्यातला डॉक्टर समीर चहाला आला होता. तो म्हणाला, “काका, टेन्शन कशाला घेता यार? पितळेलाच डाख द्या, वरून गोल्ड प्लेटिंग करा, देऊन टाका. नव्वद वर्षांची म्हातारी आहे, तिला काय कळणार?” खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. पण घामाने मुलामा उडणार, त्या पोरीचं बोट हिरवं होणार, ती दुसऱ्या सोनाराकडे जाणार, आणि पोरगी वकील. नंदाचं म्हणणं याहून सरळ होतं. ती म्हणाली, “अहो, ती अंगठी घालून पोरगी लग्नाची शपथ घेणार. आपण तिला मुलामा चढवून द्यायचा?” मी म्हटलं, मग फक्त जीनाला फोन करू. नंदा म्हणाली, अंगठी आजींची आहे, आजींनाच सांगायचं.

त्या दोघी शनिवारी येणार होत्या. तोवर मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसलो. पितळ घरात राहिलं कसं, याचं काहीतरी सभ्य उत्तर मला शोधायचं होतं. उत्तर राहिलं बाजूला, मी त्या माणसाच्या सत्तेत येण्यातच अडकलो. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत संप, बेकारी, आज आलेलं सरकार उद्या पडतंय. या गृहस्थाने काळे शर्ट घातलेली टोळकी उभी केली. ती विरोधकांना दंडुक्यांनी बडवायची आणि बळजबरीने बाटलीभर एरंडेल पाजायची. आम्हाला लहानपणी एरंडेल पोट साफ करायला मिळायचं, तिथे राज्य मिळवायला वापरलं. मग त्याने राजधानीवर मोर्चा आणला. सैन्य त्याला अडवू शकलं असतं, पण राजाने हुकमावर सही करायचं टाळलं आणि बोलावून त्यालाच पंतप्रधान केलं. मुरलेल्या पुढाऱ्यांना वाटलं, येऊ दे, आपण सांभाळून घेऊ. काही वर्षांत बाकीचे पक्ष बंद, वर्तमानपत्रं मुठीत, प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ, आणि नोकरी हवी तर पक्षाचं कार्ड. वीस वर्षं हे चाललं. अंगठीबद्दल मी स्वतःची अशी समजूत घातली की पणजीने त्या गर्दीत चुकून खरी अंगठी देऊन टाकली असणार आणि खोटी जपली असणार.

शनिवारी त्या आल्या. मी काचेबाहेर आलो, आजींना खुर्ची दिली, आणि दोघींसमोर पुन्हा कस लावला. शेजारी नंदाची बांगडी घासून दाखवली. बांगडीची रेघ राहिली, अंगठीची गेली. मग मी माझी समजूत सांगितली. जीनाने ती पुरती ऐकून घेतली, पर्समधून पावती काढून काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “इथे गोल्ड लिहिलंय, सर. तुम्हीच लिहिलंय. अदलाबदल त्या चौकात झाली असेल, किंवा इथे झाली असेल.” तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही, त्यामुळे मला जास्तच घाम फुटला. नंदा म्हणत राहिली की चूक माझी आहे, मी न तपासता लिहिलं. जीना म्हणाली, तक्रार होईल तेव्हा ते सांगा.

आजी पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. आणखी थोडा वेळ गप्प बसल्या असत्या, तर त्यांची गोष्ट शाबूत राहिली असती आणि आम्ही चोर ठरलो असतो. हे त्यांना आमच्याइतकंच कळत होतं.

“जीना, पावती ठेव पर्समध्ये,” त्या म्हणाल्या. “ही अंगठी मी विकत घेतलीय. इथेच, टेक्सासमध्ये.”

मग त्या सांगत गेल्या. सून म्हणून आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांच्या अमेरिकन सासूने विचारलं होतं, तुझ्या घरचे त्या हुकूमशहाच्या बाजूचे होते का? सासूचा धाकटा मुलगा इटलीतच लढाईत गेला होता. या विशीच्याही नव्हत्या. काय सांगणार? त्यांनी गावात ऐकलेली गोष्ट सांगितली. कारण युद्ध हरल्यावर गावातल्या प्रत्येक घरात तीच गोष्ट जन्माला आली होती. प्रत्येकीने म्हणे पितळ दिलं होतं आणि सोनं लपवलं होतं. “मग त्या चौकात सोन्याचा एवढा ढीग झाला होता, तो कुणाचा होता?” आजी म्हणाल्या. सासूने अंगठी बघायला मागितली, म्हणून एका स्वस्त दुकानातून अंगठी आणून तिला मुलामा देऊन घेतला. पुढे मुलं झाली, नातवंडं झाली, आणि अंगठी खरी होऊन बसली.

“आई रांगेत पहिली होती,” त्या म्हणाल्या. “मी तिचा हात धरला होता. मी तिला पुन्हा कधी तेवढी आनंदात पाहिली नाही.”

जीनाने विचारलं, मग आज का सांगितलंस? आजींनी आमच्याकडे बोट केलं. “शेजारच्या न्हाव्याला काळ्या शर्टवाल्या पोरांनी दारात धरून एरंडेल पाजलं, तेव्हा माझी आई खिडकी लावून आत बसली होती. आईनंच मला सांगितलेलं. मी तशी नाही बसणार.”

मग नंदाने आपल्या परीने समजूत घातली. ती म्हणाली, आजी, यात लाजण्यासारखं काय? बासष्टच्या चीनच्या युद्धात माझ्या सासूबाईंनीही हातातल्या पाटल्या देशाला दिल्या होत्या, आणि त्यांना त्याचा शेवटपर्यंत अभिमान होता. हे खरं आहे. मीही तेव्हा सहा वर्षांचा होतो, आईचे मोकळे हात मला आठवतात. आजींनी मला विचारलं, तुझ्या आईला नाही म्हणता आलं असतं का? मी म्हटलं, अर्ध्या गल्लीने नाहीच म्हटलं होतं, त्यांना कोण काय करणार? “मग ते दान होतं,” आजी म्हणाल्या. “आमच्यात जिच्या बोटात लोखंडाची दिसायची नाही, तिच्या नवऱ्याची नोकरी जायची.” मी महिनाभर पुस्तकं वाचली असती तरी हुकूमशाही मला इतकी समजली नसती.

एवढं झाल्यावर त्यांनी आणखी एक कबुली दिली. मोठ्या दुकानात जीनासमोर कस लावतील म्हणून त्यांनी मुद्दाम आमचं छोटं दुकान निवडलं होतं. काचेतून नंदाला पाहिलं आणि ठरवलं, हिचे हात धरून गोष्ट सांगितली की ही तपासणार नाही. नंदाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या अश्रूंचा तिला अभिमान होता ते नव्वद वर्षांच्या बाईने ठरवून काढले होते. मग ती हसायला लागली, तिच्यामागून आजी, आणि शेवटी वकीलसुद्धा. जीनाने आमची माफी मागितली. आजींनी साबण मागून घेतला, स्वतःच्या बोटातली लग्नाची अंगठी ओढून काढली आणि म्हणाल्या, ही घाल. नंदाने या वेळी सगळ्यांसमोर दगड काढला, तोही जरा जास्तच ऐटीत. रेघ जागची हलली नाही. अंगठी मोठी करायच्या ऐवजी लहान करावी लागली, एवढाच फरक.

लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. हॉलमध्ये इटालियन म्हाताऱ्यांची दोन टेबलं भरली होती, त्या सगळ्यांना पणजीची जुनी गोष्ट पाठ. आजी माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरी सांगितली. शेवटी फक्त एवढं म्हणाल्या की आम्ही सगळे तिथे होतो, आणि नंतर आमच्यापैकी कुणीच तिथे नव्हतं. जीनाचा नवा सासरा ताटात बघत बसला. मला वाटलं, आता संपलं, आणि याला थोडेफार आपणही जबाबदार. तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या टेबलावरून कार्लो नावाचे एक गृहस्थ ग्लास घेऊन उठले. ते आजींच्या शेजारच्या गावचे. म्हणाले, “आमच्या गावात माझी आई पहिली होती. तीसुद्धा लपवली म्हणायची.” सगळे हसले. मग दुसऱ्या टेबलावरून एक हात वर झाला, मग आणखी एक. एवढ्या वर्षांनी हात वर करायला मिळाल्याने ती माणसं शाळकरी पोरांसारखी खूश दिसत होती. फक्त कार्लोंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या धाकट्या बहीणबाई, एलेना, हसल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात एलेनाबाई एकट्याच दुकानात आल्या. रुमालात आईची अंगठी होती. आई गेल्यावर ती शिवणाच्या डब्यात पडून होती, कुणी कधी घातली नाही, कारण ती पितळेचीच असणार हे भावंडांनी धरूनच ठेवलं होतं. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की मी लपवली होती, आणि मुलं तिला तोंडावर हसत राहिली. लूचियाचं भाषण ऐकल्यापासून झोप नाही, बाई म्हणाल्या. जे असेल ते माझ्यासमोर सांगा.

अंगठी हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं, पण हाताच्या अंदाजावर असली गोष्ट सांगता येत नाही. मी दगडावर घासलं, थेंब सोडला. रेघ जशीच्या तशी राहिली, पिवळी, लख्ख.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनीच माझ्या हातातून अंगठी घेऊन स्वतः रेघ ओढली, आणि ती जाईल म्हणून बघत बसल्या. ती गेली नाही. मला पुस्तकात वाचलेले चौक, बँड, काळे शर्ट आठवत होते. एवढ्या सगळ्यांसमोर ती बाई खोटी अंगठी देऊन, चेहरा सरळ ठेवून घरी आली होती, आणि घरातल्यांनीच तिला खोटं ठरवलं. माझे डोळे भरून आले. नंदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण एलेनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी अंगठी बोटात घालून पाहिली. ती पेरावर अडली.

मी म्हटलं, मोठी करून देतो, गुरुवारी न्या.

“आज होत असेल तर मी इथेच थांबते,” त्या म्हणाल्या. “मला ती घालून भावाकडे जायचंय.”

मी हातातलं काम बाजूला सारलं आणि करवत घेतली.